राउटरचं फर्मवेअर लॅपटॉपवर चालवून तपासताय का कोणी? (क्यूएमू, एनव्हीरॅम आणि कोकणातली उपकरणं)

खाडीकाठचा (मालवण)

नमस्कार मंडळी.

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात मी नेटवर्क आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. होमस्टे वाढले तसे घरोघरी वायफाय राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि कॅमेरे आले. बसवणारे आम्हीच. पण त्या डब्याच्या आत काय चालतं ते घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि बसवणाऱ्यालाही. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने (चोरून ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या टोळीने) असेच राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. हत्यार काय, तर कारखान्यातून आलेले साठाहून अधिक ठरावीक युजरनेम-पासवर्ड. त्याच डब्यांच्या जोरावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डाइन कंपनीची डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी) पाडली गेली आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास दिसेनाशा झाल्या. आपल्या वाडीतला डबा अशा कामाला जुंपला गेला तर आपल्याला कळणारही नाही. हे मला मान्य नाही, म्हणून फर्मवेअर, म्हणजे डब्यात भरलेला प्रोग्राम, उघडून बघायला लागलो.

एक गोष्ट पहिल्यापासून ठरवली होती. लोकांच्या चालू राउटरवर प्रयोग करायचे नाहीत. सीझनला खोल्या भरलेल्या असतात, राउटर अडकला तर धंदा त्यांचा बुडतो. शिवाय खाऱ्या हवेने बोर्ड आधीच गंजलेले, त्यात सारखं उघड-बंद कोण करणार? फर्मवेअरची फाइल मात्र बहुतेक कंपन्या अपडेट म्हणून साइटवर उघड ठेवतात. तीच लॅपटॉपवर चालवायची, क्यूएमू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे एका प्रोसेसरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालवणाऱ्या साधनात.

आतापर्यंत झालेलं काम सांगतो. फाइल बिनवॉकमधून (फर्मवेअरच्या फाइलीतले भाग ओळखणारं साधन) घातली. सुरुवातीला यू-बूटचं (उपकरण सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) हेडर, मग एलझेडएमए पद्धतीने दाबलेला लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि शेवटी स्क्वॅशएफएस, म्हणजे दाबलेली फाइलसिस्टम. स्क्वॅशएफएस नेहमीच्या साधनाने उलगडेना, कारण निर्मात्याने दाबण्याची पद्धत जराशी बदलली होती. ‘सॅसक्वॉच’ने ते सुटलं. आतल्या बिझीबॉक्सवर (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा गठ्ठा) ‘फाइल’ कमांड चालवल्यावर कळलं की प्रोसेसर ३२ बिटी मिप्स आहे, लिटल एंडियन (धाकटा बाइट आधी). मग क्यूएमूची त्या जातीची स्टॅटिक बायनरी रूट फोल्डरमध्ये ठेवून सीएचरूट केलं, म्हणजे तेच फोल्डर सिस्टमचं मूळ मानायला लावलं. बिझीबॉक्सचं शेल आलं! आपल्या इंटेलच्या लॅपटॉपवर राउटरचं शेल उघडतं तो क्षण भारी असतो, करून बघा.

वेब सर्व्हर मात्र सुरू होताच मरत होता. क्यूएमूच्या ‘एसट्रेस’ पर्यायाने (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारा) पाहिलं तर तो एनव्हीरॅमचं, म्हणजे सेटिंग साठवण्याच्या जागेचं, डिव्हाइस शोधत होता आणि ते माझ्याकडे नाही. मग एनव्हीरॅम-फेकर वापरून खोटी लायब्ररी घातली. आता सर्व्हर चालतो, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं.

आता खरा प्रश्न. पासवर्डची जागा रिकामी सोडली तरी लॉगिन होतं. थेट अ‍ॅडमिनच्या पानावर. ही त्या राउटरमधली भेग आहे, की मी घातलेल्या खोट्या लायब्ररीची करामत? हाच राउटर या भागात पुष्कळ घरांत आहे, म्हणून बोलण्याआधी खात्री हवी. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

---

कातळसडा (मूळ रत्नागिरी, मुक्काम पुणे)

उत्तम धागा, आणि नाव न लिहिण्याचा निर्णय अगदी योग्य. मी एम्बेडेडमध्येच काम करतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

बहुधा ही तुमच्या लायब्ररीची करामत आहे. पण ‘बहुधा’वर थांबू नका, ते सिद्ध करता येतं.

राउटरमध्ये एनव्हीरॅम म्हणजे बहुतेक वेळा फ्लॅश चिपचाच एक छोटा भाग. त्यात नाव आणि किंमत अशा जोड्या असतात: वायफायचं नाव, लॅनचा आयपी, अ‍ॅडमिनचा पासवर्ड. वेब सर्व्हर पासवर्ड तिथूनच वाचतो. तुमच्या खोट्या लायब्ररीला एखादी जोडी माहीत नसेल तर ती रिकामी अक्षरमाळ परत देते. सर्व्हर ही रिकामी माळ तुमच्या रिकाम्या पासवर्डशी ताडून बघतो, दोन्ही सारखे, दार उघडतं. काही राउटरमध्ये तर ‘पासवर्ड ठेवलेलाच नाही, म्हणजे नवीन डबा आहे’ असं समजून सेटअपचं पान उघडतात. तो दोष नाही, तशीच रचना केलेली असते.

म्हणून आधी कारखान्यातल्या मूळ जोड्या शोधा. त्या कधी ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये साध्या मजकुरात मिळतात, कधी एनव्हीरॅमच्या लायब्ररीतच तक्त्याच्या रूपात असतात. त्या भरून पुन्हा चालवा. मग गिड्रामध्ये वेब सर्व्हर उघडा आणि ताडून बघण्याची जागा काढा: डाव्या हाताची किंमत कुठून आली, उजव्या हाताची कुठून. गिड्रा अमेरिकेच्या एनएसएने २०१९ मध्ये मोफत खुलं केलं, मिप्सचा कोड बऱ्यापैकी वाचनीय सी मध्ये उलगडून देतं. क्यूएमूला जीडीबीसाठी (डीबगर, प्रोग्राम मधेच थांबवून आत बघायचं साधन) पोर्ट उघडायला सांगितलंत तर त्याच ओळीवर थांबून दोन्ही किमती डोळ्यांनी बघता येतील.

आता जरा मूळ मुद्दा. फाब्रिस बेलार यांनी क्यूएमू पहिल्यांदा २००३ मध्ये आणलं. ते प्रोसेसरची भाषा भाषांतरित करतं, मिप्सची आज्ञा वाचून इंटेलची आज्ञा बनवतं, आणि ते काम चोख करतं. अडचण प्रोसेसरची जवळजवळ कधीच नसते. ती असते आजूबाजूची: नसलेली चिप, नसलेलं ‘बीआर०’ हे लॅनचं इंटरफेस, बूटच्या वेळी स्क्रिप्टने ‘व्हार’मध्ये बनवलेली आणि तुमच्याकडे रिकामी असलेली फोल्डरं. प्रोग्राम डोळे उघडतो आणि त्याला ओळखीचं काहीच दिसत नाही.

हे किती मोठं प्रकरण आहे ते आकड्यांवरून कळेल. २०१६ च्या फर्माडाइन या संशोधनात ४२ निर्मात्यांच्या २३,०३५ फर्मवेअर फाइली गोळा केल्या, त्यातल्या ९,४८६ उलगडता आल्या आणि ८८७ मध्ये तपासून पाहिलेल्या ७४ हल्ल्यांपैकी किमान एक लागू पडला. पुढे २०२० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी फर्मएई आणलं. १,१२४ राउटर आणि आयपी कॅमेऱ्यांच्या फाइलींवर फर्माडाइनने वेब सेवा जेमतेम १६ टक्क्यांत उठत होती, फर्मएईने ती ७९ टक्क्यांवर नेली. त्यांनी प्रोसेसर सुधारला नाही. बूट, नेटवर्क, एनव्हीरॅम, कर्नल या जागी छोटे-छोटे तडजोडीचे उपाय घातले. हुबेहूब उपकरण उभं करायचा हट्ट सोडला आणि तपासायला लागेल तेवढंच उभं केलं.

माझं मतही तेच. आधी प्रश्न ठरवा, मग त्या प्रश्नाला लागेल तेवढंच खोटं जग बांधा. आणि जे खोटं बांधलंत त्याची वही ठेवा, कारण निकाल आल्यावर पहिला संशय त्या वहीवरच घ्यायचा असतो.

---

माडाखाली (देवबाग)

बरा केलास धागो काढलास. माका ह्यातला अर्धा कळणा नाय, पण माझ्या घराकडे ह्या सगळा लावलेला आसा. लावन् दिल्यान तो झिलगो आता फोन पण उचलणा नाय. तुमी ह्या जा काय लॅपटॉपवर करतास, त्येच्यान् माझो कॅमेरो बंद पडतलो नाय ना?

---

खाडीकाठचा

नाय काका, तुमच्या कॅमेऱ्याक हात पण लागणा नाय. कसं ते सांगतो. होडीचं इंजिन बिघडलं की ते काढून किनाऱ्यावर घोडीवर चढवतात आणि तिथे चालवून आवाज ऐकतात. होडी शाकारलेली, समुद्राशी संबंध नाही. आम्ही तेच करतो, फरक एवढाच की इंजिन तुमचं काढत नाही, कंपनीने साइटवर ठेवलेल्या फाइलीतून त्याची नक्कल घेतो.

तोवर तुमच्याकडे तीन गोष्टी करून घ्या. डीव्हीआरचा पासवर्ड बदला, राउटरवरचं यूपीएनपी (उपकरणांना बाहेरून आपोआप वाट उघडून देणारी सोय) बंद करा आणि पाहुण्यांचं वायफाय कॅमेऱ्यांच्या नेटवर्कपासून वेगळं करा. मी शनिवारी देवबागला येतोय, बसून करू.

---

सुरंगी (रत्नागिरी)

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा विचार आहे. लॅपटॉप आठ जीबीचा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधीही जाते आणि पहाटेशिवाय मोठं डाउनलोड पूर्ण होत नाही. एवढ्यावर होईल का? आणि यूजर मोड घ्यायचा की सिस्टम मोड?

---

कातळसडा

आठ जीबी भरपूर झाले. राउटरला स्वतःला ६४ किंवा १२८ एमबी रॅम असते, त्याची नक्कल करायला कितीशी लागणार? फर्मवेअरची फाइलही सहसा ८ ते ३२ एमबीची. मोठं डाउनलोड एकदाच: उबंटू, गिड्रा आणि फर्मएईची डॉकर प्रतिमा (सगळं आधीच बसवलेला तयार संच). वीज गेली तर काम जाऊ नये म्हणून डिस्क क्यूएमूच्या क्यूकाऊ२ या फाइलप्रकारात ठेवा आणि टप्प्याटप्प्यावर स्नॅपशॉट घ्या. सर्व्हर एकदा नीट उभा राहिला की तो क्षण साठवायचा, पुढचा प्रत्येक प्रयोग तिथून सुरू.

यूजर मोड आणि सिस्टम मोडचं असं. एकच प्रोग्राम बघायचा असेल, म्हणजे वेब सर्व्हर किंवा एखादी सीजीआय फाइल (वेब पानामागे चालणारा छोटा प्रोग्राम), तर यूजर मोड. हलका, झटपट. त्यात कर्नल तुमच्या लॅपटॉपचाच वापरला जातो. अनेक प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतील, सामायिक मेमरी किंवा सॉकेट वापरत असतील, तर सिस्टम मोड. त्यात पूर्ण मशीन उभं राहतं, पण कर्नल सहसा राउटरचा नसतो, आपण दिलेला असतो, कारण मूळ कर्नल त्या विशिष्ट चिपसाठी बांधलेला असतो.

आणि एक सूचना सगळ्यांसाठी. उभं केलेलं फर्मवेअर इंटरनेटला जोडू नका. त्याला फक्त तुमच्या लॅपटॉपशी बोलणारं बंद नेटवर्क द्या. कित्येक उपकरणं जागी होताच निर्मात्याच्या क्लाउडला हाक मारतात. ती हाक कुठे जाते हे वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) नोंदवून ठेवा, तेही विश्लेषणच आहे. पण पलीकडचा सर्व्हर दुसऱ्याचा आहे, त्यावर आपला प्रयोग होता कामा नये.

---

बागायतदार (देवगड)

आमच्या कलमांच्या बागेत विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. सिम घातलेलं, एसएमएस केला की पंप सुरू, दुसरा केला की बंद. बाग घरापासून लांब, सड्यावर, म्हणून सोय मोठी आहे. मध्ये दोन वेळा पंप आपोआप सुरू झाला. बसवणारा म्हणतो, लाइटच्या झटक्याने झालं असेल. मला प्रश्न पडलाय की कोणाही अनोळखी नंबरवरून मेसेज आला तरी तो ऐकतो की काय? उन्हाळ्यात विहीर कोरडी पडलेली असताना पंप चालू राहिला तर मोटर जळते. याचं फर्मवेअर असं तपासता येईल का? साइटवर फाइल वगैरे काही नाही.

---

कातळसडा

दादा, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. राउटरपेक्षा वेगळं जनावर आहे हे.

आधी एक साधी चाचणी: घरातल्या दुसऱ्या, नोंद न केलेल्या नंबरवरून तोच मेसेज करून बघा. स्टार्टर तुमचा, पंप तुमचा, हक्काची चाचणी. शेजारी कोणीतरी उभं राहू द्या. पंप सुरू झाला तर उत्तर मिळालं, एम्युलेशनची गरजच नाही.

सुरू झाला नाही तर पुढे. अशा स्टार्टरमध्ये लिनक्स नसतो. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, पुष्कळदा एसटीएम३२ घराण्यातला, आणि शेजारी जीएसएम मोडेम. फाइल मिळत नाही म्हणून चिपमधूनच वाचावी लागते. त्यासाठी बोर्डवर सहसा एसडब्ल्यूडीच्या, म्हणजे डीबगर जोडायच्या, चार पिना असतात. एसटीएम३२ मध्ये वाचनबंदीच्या पातळ्या आहेत: शून्य म्हणजे खुलं, एक म्हणजे डीबगरने फ्लॅश वाचता येत नाही. ती बंदी काढायला गेलात तर बहुतेक मालिकांत फ्लॅश पूर्ण पुसली जाते. दोन म्हणजे कायमचं कुलूप. म्हणून पातळी काय आहे एवढंच आधी बघायचं. एक असेल तर हात मागे घ्या, नाहीतर स्टार्टर कायमचा मुका होईल.

फाइल मिळाली असं धरू. एसटीएम३२ मधल्या कॉर्टेक्स-एम जातीच्या प्रोसेसरमध्ये पहिले चार बाइट म्हणजे स्टॅकचा सुरुवातीचा पत्ता, पुढचे चार म्हणजे रीसेटनंतर कुठे जायचं तो पत्ता. तो विषम असतो, कारण थंब प्रकारच्या आज्ञा. फ्लॅश हेक्समध्ये ०८०००००० पासून, रॅम २००००००० पासून, आणि टायमर, यूआर्ट (सिरीयल जोडणी) वगैरे सगळे पेरिफेरल ४००००००० पासून पुढे. एम्युलेटरला फ्लॅश आणि रॅम देणं सोपं. गाडी अडते पेरिफेरलपाशी. फर्मवेअर अगदी सुरुवातीला घड्याळाचा क्रिस्टल चालू करून ‘तयार’ची बिट वर येण्याची वाट बघतं. एम्युलेटरमध्ये क्रिस्टलच नाही, म्हणजे बिट कधीच वर येत नाही आणि प्रोग्राम तिथेच गोल-गोल फिरतो.

यावर संशोधकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. २०१४ च्या अवतारने पेरिफेरलचं प्रत्येक वाचन खऱ्या उपकरणाकडे धाडलं. २०२० च्या पी२आयएमने रजिस्टर कशा प्रकारचं आहे हे वागण्यावरून ताडून स्वतःच उत्तरं दिली. त्याच वर्षीच्या हॅल्युसिनेटरने चिप निर्मात्याच्या लायब्ररीतली फंक्शन ओळखून त्या जागी आपली फंक्शन बसवली, म्हणजे रजिस्टरपर्यंत जायचं कारणच उरलं नाही. २०२२ चं फझवेअर पी२आयएमच्या दिशेचं आणखी पुढचं पाऊल. रेनोड या एम्युलेटरमध्ये तर कित्येक एसटीएम३२ बोर्डांची वर्णनं तयारच मिळतात.

पण तुमच्या प्रश्नाला हेही लागत नाही. तुम्हाला पंप, रिले, डिस्प्ले काही उभं करायचं नाही. मेसेज कोणाकडून आला हे बघणारं एक फंक्शन तपासायचंय. मोडेम मेसेज आला की ‘सीएमटी’ची ओळ पाठवतो, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ, आणि पुढच्या ओळीत मजकूर. गिड्रामध्ये ती अक्षरं शोधायची, ती वापरणारं फंक्शन पकडायचं, आणि युनिकॉर्न इंजिनमध्ये (कोडचा सुटा तुकडा चालवणारा एम्युलेटर) तेवढंच चालवायचं. मेमरीत आपण बनवलेला मेसेज ठेवायचा आणि कोड ‘सुरू करा’च्या फांदीवर जातो का ते बघायचं. मग नंबर बदलायचा. पूर्ण नंबर ताडतो की शेवटचे काही आकडेच? नंबरांची यादी रिकामी असेल तर सगळ्यांना होकार देतो का? ओळ प्रमाणापेक्षा लांब आली तर? पायथनच्या शे-दीडशे ओळींत हे सगळं बसतं.

पंप आपोआप सुरू होण्याचं कारण मेसेज नसून वीज परत आल्यावर रिलेची आधीची स्थिती आठवणं हेही असू शकतं. बऱ्याच स्टार्टरमध्ये ‘ऑटो’ नावाची सोय असते. फ्लॅशवरून तेही कळेल.

---

बागायतदार

समजलं. दुसऱ्या नंबरची चाचणी आज संध्याकाळीच करतो, भाऊ विहिरीवर जाईल. ऑटोचं बटण आहे खरं, ते कोणत्या बाजूला आहे तेही बघायला सांगतो.

---

वकीलकाका (सावंतवाडी)

तांत्रिक भाग मला झेपत नाही, पण कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रामसाठी अपवाद दिलेले आहेत. कायदेशीररीत्या मिळवलेला प्रोग्राम कोणत्या तत्त्वावर चालतो हे समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास किंवा चाचणी करणं हा त्यातलाच एक. म्हणून स्वतः विकत घेतलेल्या उपकरणाचा अभ्यास ही चोरी नव्हे. पण फर्मवेअरची फाइल किंवा तिचे उलगडलेले भाग इथे चढवू नका. अभ्यासाला सवलत आहे, वाटायला नाही. पॅकेटमधला परवान्याचा कागदही वाचा.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ मात्र कडक आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर कलम ४३ खाली भरपाई, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं असेल तर कलम ६६ खाली गुन्हा, आणि राउटर किंवा डीव्हीआर हाही कायद्याच्या व्याख्येत संगणकच. भरपाईच्या दाव्यात ‘मी फक्त बघत होतो’ हा बचाव होत नाही. खाडीकाठचा यांनी फाइलीवर काम करायचं ठरवलं ते म्हणूनच मला फार पटलं. खऱ्या डब्यावर पडताळणी करायची झाली तर स्वतःच्या डब्यावर, नाहीतर मालकाची लेखी परवानगी घेऊन.

दोष सापडलाच तर निर्मात्याला कळवा आणि सोबत सर्ट-इनला. ही केंद्र सरकारची संस्था आहे, दोष जबाबदारीने कळवण्याचं तिचं धोरण जाहीर आहे आणि सीव्हीई क्रमांक (दोषाचा जागतिक नोंद क्रमांक) देण्याचा अधिकारही तिला आहे.

कॅमेरे बसवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. केंद्राच्या एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या अटी लागू झाल्या, त्यात यूआर्टसारखे डीबगचे पोर्ट बंद किंवा संरक्षित असण्याची अटही आहे. नवीन माल घेताना प्रमाणपत्र मागा.

---

हर्णै बंदर (दापोली)

आमच्या बोटींवर आता ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून संदेश देणारं-घेणारं यंत्र) बसतायत. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला योजना सुरू केली, इस्रोचं तंत्रज्ञान, देशभरात एक लाख बोटींवर बसवायचं ठरलंय. मोठ्या बोटींवर एआयएस (बोटीची ओळख आणि जागा हवेतून सांगणारं यंत्र) आधीपासून आहेच. याचं फर्मवेअर असं तपासायला घ्यावं का? जीव त्याच्यावर असतो म्हणून विचारतो.

---

कातळसडा

जीव त्याच्यावर असतो म्हणूनच बोटीवरच्या उपकरणाला हात लावू नये. ते बिनतारी यंत्र आहे, सरकारी योजनेतलं आहे आणि वादळात त्यावरूनच मदत मागायची असते. उघडायचं नाही, डीबगर जोडायचा नाही, फर्मवेअर बदलायचं तर अजिबात नाही.

एआयएसबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येक तांडेलाला माहीत असायला हवी. त्या प्रोटोकॉलमध्ये पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नाही. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर जो बोलेल तो जे सांगेल ते पडद्यावर दिसतं. २०१३ मध्ये संशोधकांनी नसलेली जहाजं दाखवता येतात हे प्रयोगाने सिद्ध केलं. म्हणून पडद्यावरच्या ठिपक्याला डोळे आणि रडारची जोड हवीच.

अभ्यास करायचाच तर किनाऱ्यावर भरपूर आहे. चार्ट दाखवणारे जे प्रोग्राम एआयएसच्या ओळी वाचतात, त्यांचं वाचनाचं फंक्शन वेगळं काढून एम्युलेटरमध्ये चालवा. स्थानाचा संदेश १६८ बिटांचा असतो, सहा-सहा बिटांची अक्षरं करून मजकुरात येतो. लांबी खोटी, अक्षरं तुटकी, तुकडे उलट्या क्रमाने, असे संदेश त्या फंक्शनला खायला घाला. हवेत काही पाठवायचं नाही, सगळं मेमरीतच. प्रसारणाला परवाना लागतो आणि समुद्रावर खोटा संदेश गेला तर खरी बोट वाट चुकू शकते.

---

खाडीकाठचा

सर्वांचे आभार. इथवर काय निघालं ते लिहितो.

मूळ जोड्या एनव्हीरॅमच्या लायब्ररीतच तक्त्यात होत्या. त्या भरल्या आणि रिकाम्या पासवर्डने लॉगिन होणं थांबलं. जीडीबीमध्ये ताडून बघण्याच्या ओळीवर थांबलो, डाव्या हाताला माझा मजकूर, उजव्या हाताला तक्त्यातला पासवर्ड. म्हणजे ती भेग राउटरची नव्हती. कातळसडांनी सांगितलेली वही सुरू केली आहे: कोणती फाइल मी बनवली, कोणता इंटरफेस मी दिला, कोणत्या जोडीला काय किंमत घातली.

त्या वहीमुळेच पुढचं सापडलं. नेटवर्क तपासणीच्या पानावर पत्ता लिहून पिंग करायची सोय आहे. वेब सर्व्हर तो पत्ता जसाच्या तसा शेलच्या आज्ञेत चिकटवतो. गिड्रामध्ये ‘सिस्टम’ फंक्शन कोण कोण बोलावतं याची यादी काढून मागे-मागे गेलो तर मधे कुठेही गाळणी नाही. याहून गंभीर म्हणजे त्या पानाचा सीजीआय लॉगिन झालंय का हे विचारतच नाही. वही काढून बघितली: या वाटेवर मी बांधलेलं खोटं काहीच नाही, एनव्हीरॅम वाचलंच जात नाही. तरीही तेवढ्यावर समाधान मानलं नाही. माझ्या स्वतःच्या, दुकानातल्या राउटरवर तीच आवृत्ती घातली, इंटरनेटची वायर काढली आणि एक निरुपद्रवी आज्ञा देऊन पाहिली. तीच वागणूक.

निर्मात्याला कळवलंय, सर्ट-इनलाही. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत मॉडेल किंवा पानाचं नाव इथे लिहिणार नाही, व्यनिमधूनही देणार नाही, कृपया विचारू नका. या पट्ट्यात ज्यांच्याकडे मी राउटर बसवलेत त्यांच्याकडे जाऊन बाहेरून व्यवस्थापनाचं पान उघडणं बंद करतोय आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करतोय. त्याने आतून येणारा धोका पुरा जात नाही, पण पाहुण्यांच्या फोनवरून ते पान गाठता येत नाही.

कॅमेऱ्यांचं काम पुढे घ्यायचंय. सुरंगी, तुमच्या प्रोजेक्टला एक जुना डीव्हीआर देऊ शकतो, माझ्याच मालकीचा, पुराच्या पाण्यात गेलेला. बोर्ड मेलंय, पण फ्लॅश चिप वाचता यावी.

---

सुरंगी

हवाय! चिप आठ पायांची एसपीआय असेल तर कॉलेजमध्ये सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचा छोटा बोर्ड) आणि क्लिप आहे.

एक प्रश्न मात्र आताच. दुसऱ्या एका डीव्हीआरची फाइल उलगडून बघितली तर त्यात वेब, रेकॉर्डिंग, क्लाउड सगळं मिळून एकच मोठा प्रोग्राम आहे. तो सुरू होतो, व्हिडिओ चिपचं डिव्हाइस मागतो आणि ते नाही म्हणून बाहेर पडतो. एनव्हीरॅमसारखी तयार खोटी लायब्ररी यासाठी मिळत नाहीये.

---

कातळसडा

क्लिप लावण्याआधी चिपवरचा नंबर वाचा. काही १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना अडॅप्टर लागतो. आणि सीएच३४१एच्या काळ्या बोर्डावर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात ही जाहीर तक्रार आहे, मल्टिमीटरने मोजूनच जोडा. पुराचं पाणी लागलंय म्हणून चिप आधी आयसोप्रोपिलने धुवा.

मोठ्या प्रोग्रामचं असं. तो व्हिडिओ चिपशी ‘आयओसीटीएल’ने, म्हणजे डिव्हाइसला क्रमांकाने मागणी करणाऱ्या कॉलने, बोलतो. ‘ओपन’ आणि ‘आयओसीटीएल’ ही दोनच फंक्शन अडवणारी छोटी लायब्ररी लिहा आणि एलडी प्रीलोडने (बाकी लायब्ररींच्या आधी आपली भरायची सोय) आधी भरा. प्रोग्राम स्टॅटिक असेल, म्हणजे लायब्ररी त्याच्या पोटातच असतील, तर प्रीलोड चालत नाही, तेव्हा त्या जागा गिड्रात शोधून बायनरीतच बदलाव्या लागतात. व्हिडिओचं डिव्हाइस मागितलं की कोणत्याही साध्या फाइलचा क्रमांक द्या, आयओसीटीएल आलं की शून्य, म्हणजे ‘झालं’. पहिल्या फेरीत सगळ्यांना शून्य देऊन फक्त नोंद करा की कोणत्या क्रमांकाची मागणी आली. काही मागण्यांना उत्तरात भरलेली मेमरी लागते, चिपची आवृत्ती वगैरे, तिथे प्रोग्राम पडेल. पडला की त्या एकाच मागणीचं उत्तर लिहायचं आणि पुढे. तुम्हाला चित्र नकोय, वेब आणि क्लाउडचा भाग हवाय, तेव्हा तिथपर्यंत पोचलात की थांबा.

---

सुरंगी

प्रोग्राम स्टॅटिक नाही, यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीशी जोडलेला आहे. मग माझी लायब्ररीही त्याच यूसीलिबसीच्या टूलचेनने (कंपायलर वगैरे साधनांनी) बांधावी लागेल ना?

---

कातळसडा

हो. बिल्डरूटमधून त्याच जातीचं टूलचेन बनवा, आर्मचा सॉफ्ट फ्लोट की हार्ड फ्लोट ते ‘रीडएल्फ’ने बघून. किंवा लायब्ररी कोणत्याही लिबसीवर न विसंबता थेट सिस्टम कॉल करेल अशी लिहा, मग जुळवाजुळवीचा प्रश्न येत नाही. पहिली नोंद निघाली की इथे टाका, आयओसीटीएलचे क्रमांक एकत्र बसून वाचू.